गोठलेला वडा, सगळीकडे तीच चव

वसईच्या एव्हरशाईन सिटीत संध्याकाळी घरी परतणाऱ्याच्या हातात वडापाव असतो. गाडीवरचा वडा त्या हाताचा, त्या कढईचा. मग शंभर दुकानांत एकच चव कशी मिळते?

1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव रूढ केला, असं मानतात. पुढे वडापावच्या दुकानसाखळ्या आल्या: 2001 मध्ये मालाडला जम्बोकिंगची, तर 2004 मध्ये कल्याणला गोलीची सुरुवात झाली. अडचण नुसती चवीची नव्हती, वडा टिकण्याचीही होती. उकडलेला बटाटा ओलसर. उन्हाळ्यात काही तासांतच आंबतो. गोलीने यावर उपाय म्हणून कारखान्यात यंत्राने बनवलेले, गोठवलेले वडे दुकानांत पाठवले.

इथे गोठवण्याचा वेग महत्त्वाचा. वडा घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठला, तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, सारणाची घडण मोडते, तळताना पाणी सुटून तेल उडतं. अतिथंड हवेच्या झोतात झटपट गोठवल्यास स्फटिक बारीक राहतात. मग उणे 18 अंशांवर तो महिनोन्‌महिने टिकतो. मला झटपट गोठवण्याची ही युक्ती वडापावच्या चटणीइतकीच मोलाची वाटते.

घरी वडे साठवायचे असतील तर आधी पूर्ण गार करा, एकावर एक न रचता पसरून गोठवा.