फॉरमॅट मारण्याआधी

२०११ सालच्या अखेरीस जगभरातल्या बऱ्याच संगणकांना एक चमत्कारिक दुखणं जडलं. मशीन चालू करावं, तासभर सगळं सुरळीत चालावं आणि मग ते जागच्या जागी गोठावं. बंद करून पुन्हा चालू केलं की पुन्हा तासाभरानं तेच. अशा वेळी माणसं विंडोज नव्यानं टाकतात, रॅम बदलतात, शेवटी मदरबोर्डलाच नारळ देतात. इथे दोष निघाला क्रुशियल कंपनीच्या एम४ या एसएसडीत. ही डिस्क वापराचे एकूण ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस भरले की तिच्या फर्मवेअरमधली एक नोंद चुकायची आणि डिस्क उत्तर देणंच थांबवायची. जानेवारी २०१२मध्ये कंपनीनं नवं फर्मवेअर दिलं आणि दुखणं गेलं. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही.

‘कधीही, कसाही हँग होतो’ ही पीसीबद्दलची सर्वांत जुनी तक्रार. तिच्यातलं ‘कधीही, कसाही’ मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. विंडोज ९५ आणि ९८ या दोन्हींत एक मोजणी चालायची: संगणक चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद उलटले याची. ती ४,२९,४९,६७,२९६ वर पोचली की जागा संपायची आणि संगणक ठप्प व्हायचा. हा हिशेब ४९.७ दिवसांचा. मायक्रोसॉफ्टनं यावरची दुरुस्ती १९९९मध्ये दिली. तोवर दोष फारसा कुणाच्या लक्षातही आला नव्हता. सलग सात आठवडे न कोसळणारं विंडोज ९५ होतं कुणाकडे!

टँडेम कंपनीतले संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला: संगणक थांबतात का? त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या दोन जाती सांगितल्या. एक दर वेळी हमखास दिसणारी, दुसरी शोधायला गेलं की गायब होणारी. कारखान्यातल्या चाचण्यांत पहिली जात पकडली जाते, त्यामुळे वापरणाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्यानं दुसरी येते. पुन्हा चालू केल्यावर संगणक शहाण्यासारखा वागतो आणि दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर दिवसभर एकदाही अडकत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग घरच्या माणसानं करायचं काय? आधी हँग कशाला म्हणतोय ते ठरवायचं. पडदा गोठल्यावर माउसचा बाण हलतोय का, ते पाहावं. कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का, तेही पाहावं. दिवा दाद देत असेल तर विंडोजचा गाभा अजून जागा आहे. एखादा प्रोग्रॅम, डिस्क किंवा डिस्प्लेचा ड्रायव्हर अडकलाय. दिवाही मेला आणि स्पीकरमधून शेवटचा आवाज टर्रर्र करत राहिला, तर घाव खोलवर आहे: रॅम, प्रोसेसर, वीजपुरवठा किंवा अगदी खालच्या थरातला ड्रायव्हर. अर्धा-पाऊण मिनिट थांबल्यावर सगळं आपोआप सुरू झालं तर पहिला संशय डिस्कवर घ्यावा. आणि पीसी गोठण्याऐवजी फटकन बंदच पडत असेल किंवा रीस्टार्ट होत असेल, तर ती तक्रारच वेगळी. तिचा तपास विजेपासून आणि उष्णतेपासून सुरू होतो.

दुसरं काम वहीतलं. तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, पंखा-एसी-मिक्सर चालू होता का, पाऊस होता का. चार-पाच नोंदी झाल्या की बऱ्याचदा गुन्हेगार स्वतःच पुढे येतो. जोडीला विंडोजची स्वतःची रोजनिशी असतेच. रिलायबिलिटी मॉनिटर उघडलं तर दिवसवार तक्ता दिसतो: कोणत्या दिवशी कोणतं अपडेट आलं आणि कोणत्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या कर्नल-पॉवर ४१ या नोंदीवर मात्र हुरळून जाऊ नये. पीसी नीट बंद न होता पुन्हा चालू झाला, एवढंच ती सांगते. गोठलेला पीसी बटण दाबून बंद केला तरी ती पडते. त्यापेक्षा ७ (डिस्कवर खराब जागा सापडली) आणि १२९ (डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं) या क्रमांकांच्या नोंदी जास्त बोलक्या असतात. त्या दिसल्या तर बाकी तपास बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवावीत. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून डिस्कची तब्येत पाहावी आणि साटा केबल बदलून बघावी. दोष केबलचा असताना डिस्क बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

रॅमचं प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. टोरांटो विद्यापीठातल्या बियांका श्रोडर यांनी गूगलच्या अभियंत्यांसोबत गूगलच्याच सर्व्हरांच्या रॅमचा अडीच वर्षांचा अभ्यास केला. तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनांत आणि आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. अवकाशातून येणारे किरण रॅममधला एखादा बिट उलटवतात, ही गोष्ट खरी आणि सांगायलाही मजेची. पण या अभ्यासात बहुतेक चुकांमागे पट्टीतलाच कायमचा दोष असल्याचं दिसलं. सर्व्हरमध्ये चूक दुरुस्त करणारी रॅम असते. घरच्या पीसीत सहसा ती नसते. तिथे चुकलेला बिट रिकाम्या जागी पडला तर काहीच होत नाही, फोटोत पडला तर एखादा ठिपका बिघडतो आणि विंडोजच्या गाभ्यात पडला तर पीसी गोठतो. नेम नसल्यासारखं वाटतं ते यामुळे.

यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला: रॅम काढायची, सोनेरी टोकांवर खोडरबर घासायचं, परत बसवायची. अनेकदा गुणही येतो. श्रेय मात्र खोडरबराइतकंच, किंबहुना जास्तच, पट्टी काढून नीट बसवण्याला द्यावं लागेल. रबर पुनःपुन्हा घासलं तर सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि चुरा खाचेत पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. त्यानंतर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावं. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. बायॉसमध्ये रॅमचा वाढीव वेग, म्हणजे एक्सएमपी, चालू असेल तर तो बंद करून पाहावा. मग दोन पट्ट्यांपैकी एकेक लावून.

विजेचं गणित मराठी घरांना वेगळं सांगायला नको. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर बहुधा बोर्डातली अर्थिंग तुटली आहे. एसएमपीएसमधल्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर विजेच्या दाबाच्या साधारण निम्मा दाब उतरतो, फक्त प्रवाह अगदी क्षीण असतो. पीसी त्यामुळेच हँग होतोय असं नाही, पण इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावं. एसएमपीएसनं १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ या मर्यादेत ठेवायची असते. जुना किंवा स्वस्तातला पुरवठा गेम सुरू झाला, ग्राफिक्स कार्डानं वीज ओढली की या मर्यादेखाली घसरतो. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणं हीच इथली सर्वांत स्वस्त चाचणी.

जुन्या मदरबोर्डवरचे कॅपॅसिटरही एकदा डोळ्यांखालून घालावेत. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कॅपॅसिटरांची मोठी लाटच आली होती. त्यांची टोपी फुगायची, तपकिरी रस गळायचा आणि पीसी मनाला येईल तेव्हा अडकायचा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या मॉडेलांना त्याचा मोठा फटका बसला; २००५मध्ये कंपनीनं अशा दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलरचा खर्च खात्यावर टाकला.

धूळ आणि उष्णता यांना मात्र वाजवीपेक्षा जास्त दोष मिळतो. आजचा प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच सहन होईना तर बंद पडतो; नुसता गोठून बसणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नव्हे. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून पंखे पुसावेतच, पण दुखणं तेवढ्यानं जाईल अशी खात्री धरू नये.

आणि पडद्यावरच्या संदेशावर विश्वास? तोही बेतानेच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही महागडे प्रोसेसर असलेले पीसी गेम चालू करताच कोसळू लागले, तेव्हा पडद्यावर ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश यायचा. दोष प्रोसेसरचा होता: त्याचा मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि चिप हळूहळू झिजत होती. ऑगस्ट २०२४पासून बायॉस अपडेटमधून सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. आधीच झिजलेली चिप मात्र अपडेटनं सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. असा पीसी घरात असेल आणि बायॉस ऑगस्ट २०२४च्या आधीचं असेल, तर हे काम पुढे ढकलू नये.

या सगळ्यात पाळायचं पथ्य एकच: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. ड्रायव्हर, रॅम, केबल एकाच दुपारी बदलून पीसी सुधारला तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

दुकानातून ‘फॉरमॅट मारून देतो, सगळं ठीक होईल’ असं उत्तर आलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: रॅमची चाचणी रात्रभर चालवली का, डिस्कची तब्येत पाहिली का, दुसरा एसएमपीएस लावून बघितला का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल आणि तुमचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरले असतील, तर खुशाल फॉरमॅट मारू द्या.