पाटीआधी बिजागरी

कलत्या तळाच्या ट्रेलरची रचना साधी आणि फार हुशार आहे. अमेरिकेतले शेतकरी आणि यंत्रे भाड्याने देणारे लहान ट्रॅक्टर किंवा गवत कापायची यंत्रे त्यावरून नेत आले. दांडीजवळची कडी सोडली की फळ्यांचा तळ बिजागरीवर फिरतो आणि मागची कड जमिनीला टेकते. यंत्र वर चढून त्याचा भार बिजागरीपुढे सरकला, की तळ पुन्हा आडवा होतो. तो आदळू नये म्हणून काही ट्रेलरांना तेलाचा दट्ट्या असतो. असा जुना ट्रेलर चांगल्या स्थितीत सापडला, की लोक आधी कंपनीची पाटी शोधतात. मला हा क्रम उलटा वाटतो. जो भाग बदलणे सर्वांत अवघड, त्याची साक्ष आधी घ्यावी.

पाटी दोन-चार रिव्हेटांवर टिकते, दिवे आणि चाके तर सहज बदलतात. अमेरिकी टायरवर 1971 पासून ओळख-क्रमांक येतो, पण 2000 पूर्वी त्यात आठवड्याचे दोन आणि वर्षाचा एकच अंक असे, म्हणजे दशक कळतच नाही. आणि कळले तरी वय टायरचे. सांगाड्याचे तसे नसते. आडव्या पट्ट्यांमधले अंतर, वेल्डिंगची धाटणी, बिजागरीचा आकार आणि कडीची घडण यांतून कारखान्याचा हात दिसतो. रिकामी राहिलेली भोके नंतरचे फेरफार सांगतात. बिजागरीची भोके अजून गोल असतील, तर ट्रेलर बहुधा कमी वापरला गेला. ती लांबट झाली असतील आणि वरच्या फळ्या कोऱ्या असतील, तर ‘जसाच्या तसा जपलेला’ हा दावा तिथेच ढासळतो. फळ्या मूळच्या असतील, तर त्यांवरचे चाकांचे पट्टे कोणत्या रुंदीचे यंत्र चढत होते तेही दाखवतात.

यावर कोणी म्हणेल, कागदावरचा क्रमांक असताना एवढी उठाठेव कशाला? 1981 च्या मॉडेलांपासून अमेरिकेत 17 चिन्हांचा क्रमांक आला आणि त्यातले दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष सांगते, हे खरे. त्याआधी मात्र ज्याची त्याची पद्धत वेगळी होती. जुन्या मोटारीचा अ‍ॅक्सल घेऊन घरी जोडलेल्या ट्रेलरना तर राज्यच क्रमांक देते, म्हणून कागदावरचे वर्ष नोंदणीचे असू शकते, घडणीचे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गंज थांबवायचा की नोंदी करत बसायचे? पण नोंदीसाठी गंज वाढू द्यावा लागत नाही. वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवला, की पट्ट्यांखाली दडलेला मूळ थर आणि पुसट ठसे कायमचे जातात. मोटारींच्या मागे माहितीपुस्तके आणि हौशी मंडळे असतात. लहान कारखान्याच्या ट्रेलरची हकीकत बहुधा त्याच्या लोखंडातच उरते, म्हणून तिथली घाई जास्त महाग पडते. मोजपट्टी ठेवून वरून, खालून आणि बिजागरी उघडून छायाचित्रे घ्यावीत, ठशांवर कागद ठेवून पेन्सिल घासावी, काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून ठेवावे. मग रंगाचा डबा उघडायला हरकत नाही.