लघु, समध्वनी इंग्रजी शब्द : कोशार्थ आणि अपभाषेतील अर्थ

प्रास्ताविक

दोन-तीन ध्वनींचे लघु शब्द हे इंग्रजी शब्दसंग्रहाचे एक ठळक वैशिष्ट्य होय. अशा शब्दांत एखादा स्वर बदलला तरी अर्थ पालटतो. कॅप, कॉप आणि कप हे तीन शब्द केवळ मधल्या स्वरामुळे वेगळे ठरतात. त्यांपैकी पहिल्या दोन शब्दांतील स्वर मूळ मराठी उच्चारव्यवस्थेत नव्हते. इंग्रजी शब्दांसाठी देवनागरीत त्यांची स्वतंत्र चिन्हे रूढ झाली. ध्वनिसाम्याच्या या अडचणीत अपभाषेची, म्हणजे इंग्रजीत जिला स्लँग म्हणतात तिची, भर पडते. कॅप म्हणजे टोपी किंवा कमाल मर्यादा हे कोशार्थ परिचित आहेत. परंतु आजच्या तरुणांच्या इंग्रजीत 'नो कॅप' म्हणजे 'खोटे नाही'. कोश जवळ असूनही विद्यार्थी येथे गोंधळतो. अपभाषेतील अर्थाला केवळ 'चूक' ठरवून हा गोंधळ दूर होत नाही. कोशार्थाशी त्याचे नाते कोणते, हे पाहावे लागते.

कोशकारांची भूमिका

सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश 1755 साली प्रसिद्ध झाला. श्रमिक व व्यापारी वर्गाच्या बोलण्यातील क्षणजीवी शब्द भाषेचा टिकाऊ भाग नव्हेत, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत मांडली. त्यानंतर तीसच वर्षांनी, 1785 मध्ये, फ्रान्सिस ग्रोस यांनी नेमक्या अशाच शब्दांचा स्वतंत्र कोश सिद्ध केला. एरिक पार्ट्रिज यांचा 1937 चा आणि जोनाथन ग्रीन यांचा 2010 चा त्रिखंडात्मक कोश ही त्याच परंपरेतील पुढची कामे होत. आज सर्वसाधारण कोशही असे अर्थ नोंदवितात. मात्र त्यांपुढे 'स्लँग', 'इन्फॉर्मल', 'डेटेड', 'ऑफेन्सिव्ह' अशा खुणा जोडतात. शब्द अस्तित्वात आहे की नाही, यापेक्षा तो कोणी, कोठे व केव्हा वापरावा, हे या खुणा सांगतात.

अर्थसंबंधाचे तीन प्रकार

1. एकाच शब्दाचा अर्थविस्तार : किड म्हणजे शेळीचे करडू. हाच शब्द पुढे हलक्या बोलीत मुलासाठी वापरला जाऊ लागला आणि आज तो नित्याच्या अनौपचारिक बोलण्यात स्थिरावला आहे. सिक या शब्दाचा कोशार्थ 'आजारी' असला, तरी तरुणांच्या बोलण्यात तो 'अप्रतिम' या अर्थानेही येतो. निंदावाचक शब्दाने स्तुती करण्याची ही रीत बॅड या शब्दातही दिसते.

2. भिन्न शब्दांचे ध्वनिसाम्य : संशोधनपर लेखनात अवतरणातील चूक मुळातलीच आहे हे दर्शविण्यासाठी कंसात येणारा सिक हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'असेच' असा आहे. 'आजारी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. त्याचप्रमाणे चातीवर गुंडाळलेल्या शंकूच्या आकाराच्या सुतालाही कॉप म्हणतात आणि पोलिसालाही. पहिला शब्द 'शिखर' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी जोडला जातो. दुसरा 'पकडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेल्या कॉपर या शब्दाचा संक्षेप मानला जातो.

3. लेखनभेदाने दर्शविलेला अर्थभेद : फॅट म्हणजे लठ्ठ. 'उत्कृष्ट' या अर्थाचा, आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आलेला आणि 1990 च्या दशकात हिप-हॉप संगीताबरोबर पसरलेला फॅट मात्र 'एफ'ऐवजी 'पीएच' ने लिहिला जातो. उच्चार एकच, स्तुती की टीका हे लेखनावरून कळते, आणि बोलण्यात ते केवळ संदर्भावर अवलंबून राहते.

लोकव्युत्पत्तीचा धोका

लघु शब्दाची अक्षरे सुटी करून त्यांतून एखादे वाक्यखंड काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. कॉप म्हणजे 'कॉन्स्टेबल ऑन पॅट्रोल' अशी उपपत्ती वर्गातही सांगितली जाते. परंतु आद्याक्षरांपासून शब्द बनविण्याची पद्धत इंग्रजीत प्रामुख्याने विसाव्या शतकात फोफावली, तर पोलिसासाठी कॉप हा शब्द एकोणिसाव्या शतकातच आढळतो. कालक्रमाची एवढी साधी कसोटीही अशा अनेक उपपत्ती बाद करण्यास पुरेशी ठरते.

दर्जाची परिवर्तनशीलता

मॉब हा 'चंचल जनसमूह' या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगाचा संक्षेप होय. जोनाथन स्विफ्ट यांनी 1710 मध्ये 'टॅटलर' या नियतकालिकात अशा संक्षेपांवर कडक टीका केली होती. तरीही जॉन्सन यांच्या कोशात या शब्दाला स्थान मिळाले आणि 2018 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसेसंबंधी दिलेल्या निकालात तो पूर्ण गांभीर्याने योजला गेला. फन या शब्दाला जॉन्सन यांनी हलका ठरविले होते. आज तो प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकातही खटकत नाही. मात्र प्रत्येक शब्द असा वर चढतोच असे नाही. पुष्कळसे शब्द एका पिढीबरोबर विरून जातात.

निष्कर्ष

अपभाषेतील अर्थ हा कोशार्थाचा शत्रू नव्हे. त्याचे कार्यक्षेत्र निराळे आहे. अहवालात मुलांसाठी किड हा शब्द लिहिणारा विद्यार्थी शब्दार्थ चुकलेला नसतो, औचित्य चुकलेला असतो. आणि मित्राने केलेली स्तुती निंदा समजणारा विद्यार्थी कोशार्थ जाणत असूनही संदर्भ चुकलेला असतो. या दोन चुकांची दुरुस्ती एकाच लाल रेघेने होत नाही. म्हणून अध्यापकाने अर्थाबरोबर कोशातील खूण, शब्दाचा काळ आणि तो वापरणारा समाज यांकडे लक्ष वेधणे आवश्यक ठरते. खूण गाळून केवळ मराठी प्रतिशब्द पाठ करून घेतल्यास विद्यार्थ्याला शब्द मिळतो, पण तो कोठे वापरावा याचे भान मिळत नाही. मुलाखतीत, पत्रव्यवहारात आणि परदेशी सहकाऱ्यांशी बोलताना त्याची उणीव सर्वाधिक जाणवते ती याच भानाची.