गोवरीची किंमत आणि गृहिणीचे श्रम

देशाचे उत्पन्न वाढले की घटले, वाढीचा वेग किती टक्क्यांवर गेला, याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या की सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात वाद जुंपतो. तो आकडा हाती कसा आला, त्यात काय धरले आणि काय सोडले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः राष्ट्रीय उत्पन्न ही तराजूत टाकून तोलण्याजोगी वस्तू नव्हे. कोणत्या कामास ‘उत्पादन’ म्हणावयाचे याविषयीचा संकेत त्या आकड्याच्या मुळाशी असतो, आणि संकेत बदलला की आकडाही बदलतो.

आपल्याकडे या गणनेचा आरंभच वादातून झाला. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे भारताच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातील माणसाचे वार्षिक उत्पन्न दरडोई सुमारे २० रुपये भरते, असा हिशेब त्यांनी मांडला. पिकाखालील जमीन, एकरी पीक आणि बाजारभाव ही त्यांची मुख्य सामग्री. एकेकाळी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या या गृहस्थांनी पुढे तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च शेजारी ठेवला आणि सामान्य प्रजेच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हे सरकारी कागदांवरूनच दाखवून दिले. सरकारला हे मानवणे शक्य नव्हते. १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपयांचा आकडा काढला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले, तर त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांचा हिशेब १७-१८ रुपयांच्या घरात गेला. देश एकच, प्रजा एकच. पण आकडा कोणी आणि कशासाठी काढला, याची छाप प्रत्येकावर होती.

दादाभाईंनी मुख्यतः वस्तूच मोजल्या. वकील, शिक्षक, कारकून यांच्या सेवा त्यांनी हिशेबात घेतल्या नाहीत. ही उणीव पुढे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ सालच्या आपल्या गणनेत भरून काढली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. महालनोबीस तिचे अध्यक्ष होते, डॉ. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे सदस्य. शेतकऱ्याचा कापूस, गिरणीतील सूत आणि दुकानातील कापड यांच्या किमतींची नुसती बेरीज केली तर कापूस तीनदा मोजला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर जेवढ्या मूल्याची भर पडली तेवढीच धरावयाची, हे तत्त्व सरळ आहे. खरी अडचण निराळीच होती. या देशातील धान्याचा मोठा हिस्सा बाजारात येतच नव्हता. पिकविणाऱ्याच्याच घरी तो खाल्ला जात होता. ज्याची विक्री नाही त्याची किंमत कोणती?

यावर उत्तर निघाले ते आरोपित किमतीचे. घरी खाल्लेली ज्वारी विकली असती तर जे मिळाले असते, ते उत्पन्न समजावयाचे. स्वतःच्या घरात राहणारा माणूस जणू स्वतःलाच भाडे देतो असे मानून तेही राष्ट्रीय उत्पन्नात मिळवितात. इतकेच काय, इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या शेणाचे मूल्यसुद्धा पशुधनाच्या उत्पादनात धरले जाते. म्हणजे चुलीत जाणाऱ्या गोवरीला राष्ट्राच्या हिशेबवहीत स्थान आहे. त्याच चुलीपाशी बसून भाकरी भाजणाऱ्या बाईच्या श्रमांना नाही! संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबपद्धतीच्या १९९३ च्या आवृत्तीने घरासाठी पाणी वाहून आणणे हे वस्तूंच्या उत्पादनात गणले. त्याच पाण्याने म्हाताऱ्या सासऱ्याला आंघोळ घालणे ही मात्र घरगुती सेवा. ती हिशेबाबाहेर राहिली. पगारी मोलकरणीने तेच काम केले तर ते मोजले जाते. मालकाने आपल्या घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्राचे उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच दाखविली होती.

सांख्यिकांची बाजूही अगदीच लंगडी नाही. या श्रमांची किंमत मोलकरणीच्या दराने लावावी, की ती स्त्री बाहेर नोकरी करून जे मिळविती त्या दराने, याचा निर्णय सोपा नाही. शिवाय एवढी मोठी आरोपित रक्कम मिळविली तर बाजारातील मंदी-तेजी तिच्यात बुडून जाईल आणि जवळजवळ प्रत्येक प्रौढ व्यक्ती कामावर आहे असे दिसून बेकारी हा शब्दच निरर्थक ठरेल, असे ते म्हणतात. ही अडचण खरी. तथापि भाड्याच्या बाबतीत जी कल्पकता चालते ती घरकामाच्या बाबतीत अडते, यात केवळ शास्त्र नाही, सवयही आहे. राष्ट्राच्या उत्पन्नावरून त्याच्या कल्याणाचे अनुमान काढता येणार नाही, असा इशारा सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी सेनेटला दिलेल्या अहवालातच दिला होता.

किंमत ठरत नसेल तर निदान वेळ मोजावा, हा मार्ग मात्र मोकळा होता. २०१९ साली देशभर झालेल्या वेळेच्या विनियोगाच्या सरकारी पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवितात, असे आढळले. आणि मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २६ टक्के, स्त्रियांचे ८१ टक्के होते.

हिशेबनीस जेथे थांबले तेथे न्यायालयांना मात्र थांबता आले नाही. कारण अपघातात गृहिणी दगावली तर भरपाईचा आकडा लिहावाच लागतो. जनगणनेत गृहिणींची गणना भिकारी व कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्यां’त केली जाते, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तीव्र नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीतील एका अपघाताच्या दाव्यात, नोकरी न करणाऱ्या मृत पत्नीचे मासिक उत्पन्न किती धरावे हा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा निकालपत्रात आधाराला घेतले गेले ते हेच २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे.