चवदार पाणी आणि खारे पाणी



आमच्या नरडाण्याच्या बौद्ध वस्तीतून दरवर्षी माणसे दीक्षाभूमीला जातात, चैत्यभूमीला जातात. माझी माय तर ६ डिसेंबरला चार वेळा दादरला जाऊन आली. चैत्यभूमीला लागूनच समुद्र आहे. तो कसा दिसतो म्हणून नातवंडांनी विचारले, तर म्हणाली, "रांग व्हती ना! समुद्र कोन देखस?"

हे बोलणे माझ्या मनात राहिले. आपण घराबाहेर पडतो ते जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला, लग्नाला नाहीतर मयताला. बायकामुलांना घेऊन चार दिवस हिंडायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपलीच समजूत. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत ठरवले की गर्दी नसताना महाड पाहायचे आणि त्यासोबत कोकणचा समुद्रही पाहायचा. माय, सौ., दोन मुले आणि शेजारचे एक जोडपे, असे आम्ही सात जण निघालो. वस्तीत थट्टा झाली. "कार्यकर्ता आते मजा माराले चालना," असेही एकाने ऐकवले.

धुळ्याहून रात्रीची एस.टी., मुंबईत गाडी बदलून महाड. रेल्वेने जाणाऱ्यांना कोकण रेल्वेवर महाडसाठी वीर आणि दापोलीसाठी खेड ही स्थानके आहेत. एस.टी.त २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले. मायला तिकीट नाही, सौ.ला अर्धे, आमच्यात सर्वांत महाग माणूस मीच निघालो. आधार कार्ड मात्र बोचक्यात तळाशी ठेवू नका, कंडक्टर थांबत नाही.

माणगाव सोडल्यावर लोणेरे लागते. तिथले बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ मुलांना खिडकीतूनच दाखवले. पुढे दासगाव. गाडी थांबली नाही तरी इथे खाडीकडे मान वळवून पाहावे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले. तिथून महाडपर्यंतची पाच मैलांची वाट सर्वांनी पायी तुडवली. त्याच दिवशी मनुस्मृती जळाली.

महाड हे जुने पेठेचे गाव. सावित्रीच्या खाडीतून गलबतांनी माल यायचा आणि घाट चढून देशावर जायचा. जुलै २०२१ च्या महापुरात ही बाजारपेठ बुडाली होती. पाणी कुठवर चढले होते ते एका दुकानदाराने भिंतीवर हात लावून दाखवले. त्याच्या डोक्याच्याही वर.

पेठेतून चवदार तळ्यावर आलो. आडवार असल्याने पायऱ्यांवर आमच्याखेरीज कोणी नव्हते. मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस, त्यामुळे मला इथला एक आकडा विसरता येत नाही. मार्च १९२७ च्या परिषदेला सुमारे दहा हजार माणसे जमली होती आणि त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे भरलेले. मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा, तळे सर्वांना खुले केल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. त्यानंतर जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, पुढे कोर्टात दावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. एका ओंजळीला दहा वर्षे. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. हे नाव मी मुलांकडून पाठ करून घेतले.

आमचा शिंदखेडा तालुका टंचाईचा. टँकरमागे हंडा घेऊन धावण्यात मायचे निम्मे आयुष्य गेले. ती पायरीवर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी शे, आन् पेऊ देत नव्हतात?" २० मार्चच्या गर्दीत हे बसणे तिला मिळाले नसते.

दुपारी महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहिली. चढ आहे, म्हाताऱ्या माणसांनी सकाळीच जावे.

दुसऱ्या दिवशी मंडणगडमार्गे आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद इथे येऊन गेले. गाव लहान, डोंगरातले, शांत. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. आम्ही विचारली नाही आणि दोन तास झाडाखाली काढले.

तिथून दापोली. इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. आपल्या लोकांसाठी या गावाला मोठा अर्थ आहे. महार पलटणींतले पेन्शनर इथे स्थायिक होत. लष्करातून १८८६ ला निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर इथूनच लिहीत आणि झगडत राहिले. त्यांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. जाता जाता एक गोष्ट. याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी आमच्या खानदेशात अंमळनेरला शिक्षक होते, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ ला त्यांनी उपोषण केले. कोकण आणि खानदेश वाटतात तितके लांब नाहीत.

दापोलीहून आम्ही किनाऱ्यावरच्या एका गावी मुक्कामाला गेलो. गावाचे नाव लिहीत नाही. एका घरगुती निवासात दोन खोल्या होत्या, दर ठरला, सामान ओट्यावर ठेवले. मालकाने आधार कार्ड मागितले. आडनाव वाचले. "कुठले तुम्ही? म्हणजे मूळचे?" मी म्हटले, "बौद्ध." तो आत जाऊन आला आणि खोल्या आधीच कोणासाठी तरी ठेवल्याचे त्याला आठवले. खरेच ठेवल्या असतील. मुलीने रस्त्यावर आल्यावर विचारले, "पप्पा, मग त्याने आधी दर का सांगितला?"

तिला मी चाळीसगाव सांगितले. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामासाठी आमच्या खानदेशात आले होते. परतताना चाळीसगावला उतरले, तर टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. शेवटी आपल्यातल्याच एका नवख्या माणसाने लगाम हातात घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर माणूस! हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनीच घडवलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, लोकांच्या राबत्याच्या जागा असे एकेक नाव घालून जातिभेदाला मनाई आली. ते कलम पाठ असूनही मी ओट्यावर गप्प राहिलो, कारण सोबत म्हातारी होती आणि दिवस मावळत होता. याचे मला अजून वाईट वाटते. पुढच्या वेळी लेखी नकार मागेन.

रात्र बौद्धवाडीत काढली. ओळख ना पाळख, 'जयभीम' म्हटल्याबरोबर ताटे वाढली गेली. भात आणि ओल्या नारळाची आमटी. मायने भाकरी मागितली तेव्हा घरातल्या बाईने तेवढ्या रात्री तांदळाचे पीठ मळले.

सकाळी वाडीतलाच एक मुलगा आम्हाला वणंदला घेऊन गेला. वणंद हे माता रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या डोक्यावरून वाहून बाजारात पोचवत. आईवडील गेल्यावर पोरकी मुले मुंबईला आली आणि रमाईंचे लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने उठल्यावर. आज किनाऱ्याला लोक हवा खायला येतात. त्याच किनाऱ्याने आपल्या आईच्या बापाची मान मोडली, हे मुलांना सांगायला वणंदइतकी चांगली जागा नाही.

शेवटच्या संध्याकाळी हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर माशांचा लिलाव, होड्यांतला माल ओढणाऱ्या बैलगाड्या. मुले गुडघाभर पाण्यात शिरली. त्याहून पुढे जाऊ दिले नाही; भरती-ओहोटी स्थानिक माणसाला विचारूनच पाण्यात उतरावे. सौ.ने चपला हातात घेतल्या आणि लाट पायाशी आली की दर वेळी ओरडली. लग्नानंतर तिला असे ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकले.

माय मात्र लिलावाशी उभी. एका कोळणीची भरलेली पाटी खाली होती. मायने तिला काहीतरी अहिराणीत विचारले, तिने मालवणी-कोळी मिसळून काहीतरी उत्तर दिले आणि दोघी हसल्या. मग दोन बायकांनी हात लावून ती पाटी मायच्या डोक्यावर ठेवली. माय चार पावले चालली.

"बहू जड शे रे भाऊ," पाटी उतरवल्यावर ती म्हणाली. "रमाईना बाप हाईच वाहे का?"

मी म्हटले, "हो, दाभोळला."

तिने पदराने कपाळावरचे खारे पाणी पुसले. दापोलीची शेवटची गाडी भरत आली होती. मुलांना ओल्या कपड्यांनिशीच आत ढकलले.