धनुष्याचा ताण आणि देहाची स्वस्थता

धनुर्विद्या ही बाहुबलाची कला असल्याचा सर्वसाधारण समज आहे. वैद्यकाच्या दृष्टीने पाहता मला ती ताणाच्या योग्य वाटणीची कला वाटते. कोणत्या स्नायूने भार घ्यावा आणि कोणत्या स्नायूने स्वस्थ राहावे, हा विवेक देहाला शिकवणे म्हणजेच नेमबाजीची साधना होय.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. नागपूर हे पांढुर्णा-सौंसरकरांच्या दाराशीचे शहर. साहजिकच आपल्याकडील मुलांच्याही हाती धनुष्य येईल आणि त्यांचे खांदे तपासण्याची वेळ आपल्यावर येईल.

कंपाउंड धनुष्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढीनंतर हातावरचा भार बराच उतरतो. सातपुड्यातील आदिवासींच्या बांबूच्या धनुष्याला ही सवलत नाही. दोरी जितकी मागे, तितका भार अधिक. हा भार केवळ दंडाने पेलू पाहिल्यास हात थरथरतो. जाणता धनुर्धर तो पाठीकडे, म्हणजे ऱ्होंबॉइड आणि ट्रपेझियसच्या मधल्या व खालच्या भागाकडे सोपवतो. खांद्याची पाती कण्याकडे सरकतात. मान, जबडा आणि धनुष्य धरलेली मूठ सैल राहते. खांदे कानाकडे उचलून ओढण्याची सवय लागली, तर सुप्रास्पायनॅटसचे टेंडन वारंवार दबते आणि दुखणे कायमचे मागे लागते.

श्वासाचेही असेच आहे. छाती गच्च भरून श्वास कोंडला की बरगड्या वर उचलल्या जातात, मानेचे स्नायू ताठरतात आणि नेम हलतो. त्यावर जोर लावल्यास व्हॅल्साल्व्हा क्रिया घडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. याउलट, सहज उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसांची आत ओढ आणि छातीच्या पिंजऱ्याची बाहेर ओढ समतोल असते. त्या बिंदूवर थांबण्यास स्नायूंचे श्रम लागत नाहीत. म्हणून दोरी ओढताना श्वास घ्यावा, नेम स्थिरावताना थोडा सोडावा, काही क्षण थांबावे आणि बाण सोडावा. थांबणे लांबले, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासाची ओढ लागते. अशा वेळी बाण न सोडता दोरी हळूच परत आणणे शहाणपणाचे.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. मंद नाडी आणि स्थिर हात यांचा लाभ मिळतो म्हणून बीटा ब्लॉकर औषधे तिरंदाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. रक्तदाब किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल लिहून देण्यापूर्वी रुग्ण स्पर्धक तिरंदाज आहे का, हे अवश्य विचारावे. पर्यायी औषध द्यावे. तेच अपरिहार्य असल्यास उपचारार्थ सवलतीचा रीतसर अर्ज आधी करावयास सांगावे. एका चिठ्ठीमुळे कोवळ्या खेळाडूची वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

पालकांनीही मुलांच्या हाती प्रथम हलके धनुष्य द्यावे आणि पाठीचे बळ वाढेल तसा भार वाढवावा. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीचे दर्शन आपण सर्वांनी घेतले आहे. सामर्थ्य आणि विश्रांती एकाच देहात सुखाने नांदतात, हे आपल्या मुलांना समजावण्यास त्याहून जवळचा दाखला कोणता?