रंग लागला, म्हणजे चामडं खोटं?

हातानं रंगवलेल्या पट्ट्यावर ओला रुमाल घासायचा आणि रुमालावर तपकिरी डाग उमटला की जाहीर करायचं, "बघा, खरं चामडं नाही!" हस्तकलेच्या प्रदर्शनात चामड्याच्या स्टॉलपाशी जरा वेळ थांबलं की ही परीक्षा बघायला मिळतेच. गंमत अशी की या परीक्षेत रेक्झिन हमखास पास होतं. त्याचा रंग प्लास्टिकच्या थरातच कालवलेला असतो, तो सुटणार कशाला?

खऱ्या चामड्याचं तसं नाही. ते तंतूंचं दाट जाळं असतं. पाण्यातला किंवा स्पिरिटमधला रंग त्या जाळ्यात झिरपतो, बराचसा तंतूंना धरून बसतो आणि जास्तीचा वरच वाळतो. रुमालावर येतो तो हा वरचा. दोष असलाच तर रंगवणाऱ्याच्या घाईचा.

घाई म्हणजे काय? गडद रंग हवा म्हणून एकाच हातात भरपूर रंग ओतणं. असा पट्टा वाळल्यावर तिरपा धरून बघा. वर तांबूस-हिरवट चमक दिसली, तर ती शोभा नव्हे, न मुरलेला रंग आहे. जाणता कारागीर चामडं आधी ओलसर स्पंजानं पुसून घेतो, म्हणजे रंग ठिपक्या-ठिपक्यांनी न शोषता सारखा पसरतो. लोकरीचा बोळा रंगात बुडवून काठाला निपटतो आणि लहान गोल फिरवत पातळ हात देतो. तो वाळला की दुसरा हात आडव्या दिशेनं. मग रात्रभर वाळवण, आणि त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणं काम: कोरड्या सुती चिंधीनं घासत राहणं, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. स्पिरिटच्या रंगानं चामडं कोरडं पडतं, म्हणून वर तेलाचा पुसट हात. शेवटी मेण किंवा अ‍ॅक्रिलिकचं फिनिश.

एवढं करूनही गडद पट्टा घामानं भिजला तर पांढऱ्या पँटवर डाग पडू शकतो. हे मी कारागिरांची बाजू घेऊन सांगत नाही. आयएसओ ११६४० हे आंतरराष्ट्रीय मानक याच मोजमापासाठी आहे. चामड्यावर लोकरी फेल्ट पुढे-मागे घासायचं (कोरडं, ओलं किंवा कृत्रिम घामात भिजवलेलं) आणि त्यावर किती रंग आला त्याला १ ते ५ श्रेणी द्यायची. रंग लागणं हाच खोटेपणाचा पुरावा असता, तर श्रेणी कशाला लागल्या असत्या?

यावर घरोघरचा रामबाण उपाय म्हणजे मिठाचं पाणी. कृपा करा. नव्या सुती साडीचं शास्त्र चपलेला लावू नका. भिजवलेलं चामडं वाळताना आक्रसतं, कडक होतं, वर मिठाचे पांढरे डाग येतात ते वेगळेच.

'नैसर्गिक रंग म्हणजे पक्का रंग' हेही खरं नाही. हळदीचा पिवळा उन्हात भराभर उडतो. कोल्हापुरी चपलेचा मूळ तांबूस रंग तेलानं येतो असं म्हणतात. तो येतो कमावताना वापरलेल्या बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून. तेल आणि ऊन तो फक्त गडद करतात. आणि कुठलंही चामडं घरी रंगवता येतं असंही नाही. सोफ्याच्या किंवा पर्सच्या चामड्यावर बहुधा कारखान्यातलं फिनिश असतं. ते काढल्याशिवाय रंग आत शिरतच नाही.

काळ्या रंगाला मात्र बाटली लागतेच असं नाही. गंजके खिळे काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी गाळून घ्या आणि सालीनं कमावलेल्या चामड्यावर फिरवा. बघता बघता ते काळं पडतं, कारण लोह आणि सालीतलं टॅनिन यांचा संयोग तंतूंतच होतो. कापड रंगवणारे हिरडा आणि हिराकस वापरून हेच करत आले आहेत. क्रोमनं कमावलेल्या चामड्यात टॅनिन नसतं, त्यामुळे तिथं हा प्रयोग फुकट. पाणी कडक झालं तर चामडं पुढे ठिसूळ होतं, म्हणून आधी कात्रणावर लावून बघायचं.